शिक्षणाच्या वाटा आणि मोबदल्याची ओढ

समाजाला कोणत्या प्रकारचे डॉक्टर किती हवेत आणि ते कसे घडवावयाचे, हा निव्वळ वैद्यकीय प्रश्न आहे असे सामान्यतः समजले जाते. तज्ज्ञ मंडळींनी एकत्र बसावे, अभ्यासक्रम आखावा, जागा ठरवाव्यात, आणि तीन वर्षांनी त्या साच्यातून हवे तसे डॉक्टर बाहेर पडावेत, अशी एक सरळसोट कल्पना त्यामागे असते. ही कल्पना चुकीची नसली तरी अपुरी आहे. ती किती अपुरी आहे याचा पडताळा पाहावयाचा असेल, तर अमेरिकेतील इंटर्नल मेडिसिन या शाखेच्या निवासी डॉक्टरांसाठी गेल्या अर्धशतकात काढण्यात आलेल्या प्रशिक्षणाच्या वेगवेगळ्या वाटांचा इतिहास चाळावा. महाराष्ट्रातही पदव्युत्तर जागा वाढविण्याची, नव्या पदव्या सुरू करण्याची आणि निवासी डॉक्टरांना जिल्ह्याजिल्ह्यांत धाडण्याची चर्चा चालू असते. तेव्हा हा इतिहास परक्यांचा म्हणून सोडून देण्याजोगा नाही.

इंटर्नल मेडिसिन म्हणजे आपल्याकडे ज्याला नुसते ‘मेडिसिन’ म्हणतात ती शाखा. शस्त्राला हात न लावता प्रौढ माणसाच्या बहुतेक सर्व आजारांचे निदान आणि औषधोपचार करणारा तो फिजिशियन. अमेरिकेत वैद्यकीय पदवीनंतर या शाखेची रेसिडेन्सी तीन वर्षांची असते. ती संपली की डॉक्टरापुढे दोन मार्ग असतात. सर्वसाधारण फिजिशियन म्हणून व्यवसायास लागावे, किंवा आणखी एक ते तीन वर्षांची फेलोशिप करून हृदय, पचनसंस्था, मूत्रपिंड, कर्करोग अशा एखाद्या विषयाचे विशेषज्ञ व्हावे.

मूळची ही तीन वर्षे सर्वांना सारखीच असत. पुढे त्यांतही फाटे फुटले. बहुसंख्य निवासी आजही नेहमीच्याच वाटेने जातात; पण काही शिक्षण-रुग्णालयांत ‘प्रायमरी केअर’ म्हणजे प्राथमिक आरोग्यसेवेची स्वतंत्र वाट आहे. तीत निवासी डॉक्टर वॉर्डापेक्षा बाह्यरुग्ण विभागात अधिक काळ घालवितो आणि तेच ते रुग्ण तीन वर्षे सतत पाहतो. संशोधनाची ओढ असणाऱ्यांसाठी अमेरिकन बोर्ड ऑफ इंटर्नल मेडिसिनने निराळी सोय केली आहे. त्यांनी रुग्णसेवेचे प्रशिक्षण दोन वर्षांत आटोपावे आणि पुढील किमान तीन वर्षे मुख्यतः प्रयोगशाळेत वा संशोधनात घालवावीत. अलीकडे रुग्णालयातच पूर्ण वेळ काम करू इच्छिणाऱ्यांसाठीही खास वाटा निघाल्या आहेत. प्रशिक्षणाला मान्यता देणाऱ्या मंडळाने २०२२ साली नियम सुधारले. त्यांनुसार तीन वर्षांपैकी किमान दहा महिने आंतररुग्णांसाठी, किमान दहा महिने बाह्यरुग्णांसाठी आणि निदान सहा महिने निवासी डॉक्टराच्या स्वतःच्या पुढील बेतानुसार राखून ठेवावे लागतात. म्हणजे वेगळ्या वाटांना आता नियमपुस्तकातच जागा मिळाली आहे.

यात सामान्य माणसाचे काय अडले आहे, असे कोणी विचारील. अडले आहे ते असे. पासष्ट वर्षांच्या गृहस्थाला मधुमेह आहे, रक्तदाब आहे, गुडघे दुखतात, पत्नीच्या निधनापासून झोप लागत नाही आणि मूत्रपिंडाचे काम मंदावू लागले आहे. या गृहस्थाला पाच विशेषज्ञ भेटू शकतात आणि त्यांतील प्रत्येकजण आपापल्या विषयापुरती बिनचूक औषधे लिहून देऊ शकतो. पण या पाच चिठ्ठ्या एकत्र वाचणार कोण? गुडघ्यासाठी दिलेली वेदनाशामक गोळी मूत्रपिंडाला घातक ठरत आहे, हे ध्यानात घेणार कोण? तो डॉक्टर म्हणजे सर्वसाधारण फिजिशियन. त्याची उणीव पडली तर रुग्णाला औषधे कमी मिळत नाहीत, उलट अधिकच मिळतात; आणि बिल तर त्याहूनही अधिक येते.

वाट होती, वाटसरू थोडे

ही उणीव अमेरिकेतील धुरीणांच्या लक्षात फार पूर्वीच आली होती. १९७०च्या दशकातच प्राथमिक आरोग्यसेवेसाठी इंटर्नल मेडिसिनमध्ये वेगळी वाट काढण्याचे प्रयत्न सुरू झाले. १९७६ साली अमेरिकन काँग्रेसने वैद्यकीय शिक्षणासंबंधी जो कायदा केला, त्याने अशा प्रशिक्षणक्रमांना संघराज्याच्या अनुदानाचे दार उघडून दिले. अभ्यासक्रम काळजीपूर्वक आखण्यात आले. रुग्णाशी संवाद कसा साधावा, दारूच्या व्यसनाविषयी कसे विचारावे, नैराश्य कसे ओळखावे, ज्या गोष्टी वॉर्डात कोणी शिकवीत नाही त्या तेथे शिकविल्या जाऊ लागल्या. या वाटेने गेलेल्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी चांगले काम केले, याविषयी दुमत नाही.

पण एकूण प्रवाह कोणत्या दिशेने गेला? निवासी डॉक्टरांच्या वार्षिक परीक्षेच्या वेळी त्यांना पुढील बेत विचारले जातात. १९९८ साली तिसऱ्या वर्षाच्या निवासींपैकी ५४ टक्क्यांनी सर्वसाधारण फिजिशियन होण्याचा मानस सांगितला होता. २००३ साली हे प्रमाण २७ टक्क्यांवर आले. २००९ ते २०११ या तीन वर्षांच्या पाहणीत ते २१.५ टक्के भरले. मोजणीची व्याख्या प्रत्येक वेळी तंतोतंत एकच होती असे नव्हे, तरी उताराविषयी शंका घेण्यास जागा नाही. म्हणजे वेगळी वाट काढून, तीस-पस्तीस वर्षे अनुदान पुरवून आणि परिषदांमधून तिचे गुणगान करूनही त्या वाटेने जाणाऱ्यांचे प्रमाण घटतच राहिले.

याच शेवटच्या पाहणीतील आणखी एक आकडा वेगळ्या वाटांचे पुरस्कर्ते आवर्जून पुढे करतात. नेहमीच्या वाटेने गेलेल्यांपैकी १९.९ टक्क्यांनी सर्वसाधारण वैद्यकाचा बेत सांगितला, तर प्राथमिक आरोग्यसेवेच्या वाटेने गेलेल्यांपैकी ३९.६ टक्क्यांनी. प्रमाण दुप्पट झाले, तेव्हा वाट यशस्वी झाली, असा हा युक्तिवाद. अर्थशास्त्राचा कोणताही विद्यार्थी येथे थबकेल. वाटेने त्या तरुणांना बदलले, की मुळात तसा कल असलेलेच त्या वाटेला आले? संगीतविद्यालयातील मुले इतर मुलांहून अधिक गातात, यावरून विद्यालयाने त्यांना गळा दिला असे ठरत नाही. शिवाय याच आकड्याची दुसरी बाजू अधिक बोलकी आहे. आधीच कल असलेले, त्यासाठीच निवडलेले आणि त्याचेच शिक्षण घेतलेले हे निवासी. त्यांच्यापैकीही साठ टक्के तिसऱ्या वर्षाअखेर दुसरीकडे वळलेले होते.

हे तरुण लोभी आहेत असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ते न्यायाचे नाही. अमेरिकेत कर्ज काढून शिकलेल्या वैद्यकीय पदवीधराच्या डोक्यावर साधारणपणे दोन लाख डॉलरचे ऋण असते. त्याच्या समोर दोन ज्येष्ठ उभे असतात. सर्वसाधारण फिजिशियनचा दिवस रुग्ण तपासण्यात आणि संध्याकाळ विमा कंपन्यांचे कागद व रुग्णांचे संदेश निस्तरण्यात जाते. या दुसऱ्या कामाचा त्याला बहुधा मोबदला मिळत नाही. हृदयरोगतज्ज्ञ किंवा पचनसंस्थेचा विशेषज्ञ तीन वर्षे अधिक शिकून त्याच्या जवळजवळ दुप्पट मिळवितो. तीन वर्षे हातची मिळकत सोडूनही हा व्यवहार फायद्याचा ठरतो, हे समजण्यास त्रैराशिक पुरेसे आहे.

न आखलेली वाट

याच काळात दुसरी एक घटना घडली. तिच्याकडे शिक्षणतज्ज्ञांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही. १९९६ साली रॉबर्ट वॉक्टर आणि ली गोल्डमन या दोन डॉक्टरांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात एक लेख लिहिला आणि त्यात ‘हॉस्पिटलिस्ट’ हा नवा शब्द वापरला. ज्याचा स्वतःचा दवाखाना नाही, जो बाहेरचे रुग्ण पाहत नाही, रुग्णालयात दाखल झालेल्यांची देखभाल हेच ज्याचे पूर्ण वेळचे काम, असा फिजिशियन म्हणजे हॉस्पिटलिस्ट. त्यावेळी या डॉक्टरासाठी ना स्वीकृत अभ्यासक्रम होता, ना स्वतंत्र प्रमाणपत्र. असे काम करणारे डॉक्टर फार थोडे होते. वीस वर्षांनी, २०१६ साली, त्याच दोघांनी त्याच नियतकालिकात आढावा घेतला, तेव्हा ही संख्या पन्नास हजारांच्या घरात गेलेली होती.

अनुदान नाही, चळवळ नाही, आवाहन नाही, आणि तरीही पन्नास हजार! कारणे शोधावयास दूर जाण्याची गरज नाही. वृद्धांच्या आरोग्यविम्याची जी मेडिकेअर नावाची सरकारी योजना आहे, तिने १९८३ पासून रुग्णालयांना दिवसागणिक पैसे देण्याऐवजी आजारागणिक ठराविक रक्कम देण्यास प्रारंभ केला. रुग्ण जितका लवकर बरा होऊन घरी जाईल तितका रुग्णालयाचा लाभ. दिवसभर वॉर्डात हजर असणारा आणि तपासण्यांचे निकाल येताच निर्णय घेणारा डॉक्टर यामुळे रुग्णालयास हवासा झाला. पुढे २००३ साली निवासी डॉक्टरांच्या कामाचे तास आठवड्याला ऐंशीवर मर्यादित करण्यात आले आणि शिक्षण-रुग्णालयांनाही कामाच्या हातांची चणचण भासू लागली. रुग्णालयांनी पदरचे पैसे घालून हॉस्पिटलिस्ट नेमले. बोर्डाने या कामासाठी विशेष प्रमाणनाची सोय केली ती २०१० साली, म्हणजे शब्द जन्मल्यानंतर चौदा वर्षांनी. रेसिडेन्सीतील खास वाटा त्याच सुमारास रुजू लागल्या. येथे अगोदर काम निर्माण झाले, मग त्याचा मोबदला ठरला, आणि अभ्यासक्रम त्यांच्या मागून चालत आला.

एकीकडे आखलेली आणि अनुदानित वाट ओस पडत गेली आणि दुसरीकडे कोणीही न आखलेल्या वाटेचा राजरस्ता झाला. या दोन हकीगती शेजारीशेजारी ठेवल्या म्हणजे अभ्यासक्रमाची शक्ती कोठे संपते हे दिसू लागते.

अर्थशास्त्राला ज्याचा अभिमान वाटावा असे एक काम याच क्षेत्रात झालेले आहे. अमेरिकेत कोणता पदवीधर कोणत्या रुग्णालयात निवासी होणार हे १९५२ पासून एका मध्यवर्ती व्यवस्थेने ठरते. उमेदवार आपला पसंतिक्रम देतो, रुग्णालये आपला देतात, आणि गणिती रीतीने दोहोंची जोडी जुळविली जाते. या रीतीची आजची सुधारलेली आवृत्ती अल्विन रॉथ या अर्थशास्त्रज्ञाच्या कामातून आली. अशा जुळणीच्या सिद्धान्तासाठी व व्यवहारासाठी २०१२ सालचे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक रॉथ आणि लॉइड शॅप्ली यांना विभागून मिळाले. व्यवस्था खरोखर देखणी आहे. पण ती पसंतीचा मान राखते, पसंती घडवीत नाही. उमेदवाराच्या यादीत काय वर असावे हे ठरविणारी शक्ती त्या गणिताच्या बाहेर, दरपत्रकात बसलेली असते.

दरपत्रकाची कथा

या दरपत्रकाची कथाही सांगण्याजोगी आहे, कारण तिच्यातही एक अर्थशास्त्रज्ञ आहे आणि तीही अपेक्षाभंगाची आहे. १९९२ पूर्वी मेडिकेअर डॉक्टरांना जे पैसे देत असे ते त्या त्या भागातील रूढ आकारणीनुसार. रूढ आकारणीत हाताने करावयाच्या प्रक्रियांना भरघोस आणि विचार करून सल्ला देण्याला तुटपुंजे दाम होते. हार्वर्ड विद्यापीठातील विल्यम श्याओ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉक्टरांच्या प्रत्येक कामाचे मोजमाप करावयाचे ठरविले. त्या कामास वेळ किती लागतो, बुद्धीला ताण किती पडतो, कौशल्य किती लागते, धोक्याचे दडपण किती असते, हे सारे हिशेबात घेऊन त्यांनी कामांची सापेक्ष मूल्ये काढली. १९८८ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला, १९८९ साली त्याला कायद्याचे पाठबळ मिळाले आणि १ जानेवारी १९९२ पासून नवे दरपत्रक अमलात आले. सल्ला आणि प्रक्रिया यांच्या मोबदल्यातील दरी बुजेल अशी अपेक्षा होती.

दरी काही काळ थोडी अरुंद झाली. बुजली मात्र नाही. नव्या प्रक्रियांची मूल्ये ठरविणे आणि जुन्यांची वेळोवेळी सुधारणे याबाबत शिफारशी करण्याचे काम अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९९१ साली स्थापिलेल्या एका समितीकडे राहिले. तिच्यात निरनिराळ्या विशेष शाखांच्या प्रतिनिधींचा भरणा होता, आणि सरकार तिच्या शिफारशी बहुतांशी मान्य करीत आले. एखादी प्रक्रिया नवी असताना तासभर घेते. सरावाने आणि यंत्रांच्या सुधारणेने ती वीस मिनिटांवर येते. पण तिचे मूल्य त्याच वेगाने उतरविण्याचा उत्साह कोणास असणार? दुसरीकडे वृद्ध मधुमेह्याशी बोलण्यास लागणारा वेळ कोणत्याही यंत्राने कमी होत नाही. २०२१ साली दवाखान्यातील भेटींची मूल्ये लक्षणीयरीत्या वाढविण्यात आली. हे योग्यच झाले. परंतु तीस वर्षांत एका पिढीने आपल्या वाटा निवडून टाकल्या होत्या.

मोबदल्याची ही शक्ती किती निर्विवाद आहे हे पाहावयाचे असेल तर वृद्धरोगचिकित्सेकडे पाहावे. विशेषज्ञ म्हणविण्याची हौस हेच जर तरुणांच्या ओढीचे कारण असते, तर वृद्धांची संख्या वाढत असलेल्या देशात या शाखेला गर्दी व्हावयास हवी होती. ती व्हावी म्हणून बोर्डाने १९९०च्या दशकात या फेलोशिपची आवश्यक मुदत दोन वर्षांवरून एका वर्षावर आणली. तरीही तिच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात. मूत्रपिंडविकार आणि संसर्गजन्य रोग या शाखांतही जागा उरतात. हृदयरोग आणि पचनसंस्था यांच्या तीन-तीन वर्षांच्या फेलोशिप मात्र भरलेल्या असतात. वृद्धरोगचिकित्सेत एक वर्ष अधिक शिकून मिळकत वाढत नाही; कित्येकदा ती सर्वसाधारण फिजिशियनपेक्षाही कमी भरते, कारण बहुतेक रुग्ण मेडिकेअरचे आणि काम मुख्यतः बोलण्याचे, ऐकण्याचे, औषधे कमी करण्याचे. अधिक शिकल्याबद्दल दंड भरावा लागावा अशी ही स्थिती!

मग प्रशिक्षणाच्या वेगळ्या वाटा निरर्थकच म्हणावयाच्या काय? तसे मुळीच नाही. आणि केवळ दराच्या चष्म्यातून पाहणारे अर्थशास्त्रीही येथे घसरतात. निवासी डॉक्टर जे काम करताना ज्येष्ठांना पाहतो, तेच काम त्याला करण्याजोगे वाटू लागते. नेहमीच्या रेसिडेन्सीत बाह्यरुग्णांसाठी वर्षानुवर्षे आठवड्यातून अर्धा दिवस ठरलेला असे. त्या दुपारी निवासी वॉर्डातील अत्यवस्थ रुग्ण अर्धवट सोडून धावत यावयाचा, कमरेचा पेजर वाजत राहावयाचा, समोरच्या म्हाताऱ्या बाईंचे गाऱ्हाणे संपत नसावयाचे आणि तिकडे रात्रीचे काम वाढत जावयाचे. तीन वर्षे असा अनुभव घेतलेल्या तरुणाने बाह्यरुग्ण विभागाचा धसका घेतला तर नवल कसले? अलीकडे अनेक ठिकाणी चार आठवडे वॉर्ड आणि मग एक पूर्ण आठवडा केवळ दवाखाना, अशी वाटणी केली जाते. ती करण्यास दरपत्रकात काही बदलावे लागले नाही. तरीही दवाखान्यातला आठवडा शांतपणे शिकण्याचा होऊ शकला.

पण अभ्यासक्रम आखणाऱ्यांचे हात येथेही पुरते मोकळे नसतात, कारण शिक्षणाचा पैसाही रुग्णालयाच्याच दारातून येतो. अमेरिकेत निवासी डॉक्टरांच्या प्रशिक्षणाचा सर्वांत मोठा भार मेडिकेअर उचलते, आणि ती रक्कम रुग्णालयातील निवासींची संख्या व दाखल झालेले मेडिकेअरचे रुग्ण यांच्या हिशेबाने रुग्णालयाला मिळते. ज्याच्या हाती पैसा, त्याला निवासी वॉर्डात हवा. १९९७च्या कायद्याने प्रत्येक रुग्णालयाच्या अनुदानित जागा १९९६च्या आकड्यावर गोठविल्या. त्यात १,००० जागांची भर घालण्याचा निर्णय व्हावयास डिसेंबर २०२० उजाडले. गोठलेल्या जागांत नवी वाट काढावयाची म्हणजे कोणाची तरी जुनी जागा कापावयाची, आणि कापली जाणारी जागा बहुधा अशा विभागाची नसते जो रुग्णालयाला मिळवून देतो. २०१० च्या आरोग्यसुधारणा कायद्याने यातून एक पळवाट काढली. वस्तीतील दवाखान्यांना निवासींच्या शिक्षणासाठी थेट पैसे देण्याची योजना त्यात होती. तिच्यातून शिकलेले डॉक्टर वंचित वस्त्यांत टिकण्याचे प्रमाण चांगले आहे. मात्र मेडिकेअरचे अनुदान कायमचे, तर या योजनेला पुन्हापुन्हा मुदतवाढ मागावी लागते. पुढील वर्षी पैसे येतील की नाही हे ठाऊक नसताना तीन वर्षांचा विद्यार्थी घेणे किती धाडसाचे असते, हे कोणत्याही संस्थाचालकाला विचारावे.

जे स्थानिक पदवीधर करू इच्छीत नाहीत ते काम मग करतो कोण? इंटर्नल मेडिसिनच्या दहा हजारांहून अधिक जागांपैकी फार मोठा वाटा परदेशांत शिकलेले डॉक्टर भरतात, आणि त्यांत मुंबई, पुणे, नागपूर येथील महाविद्यालयांतून गेलेले मराठी तरुणही आहेत. १९९४ पासून तेथे एक तरतूद आहे. प्रशिक्षण संपल्यावर मायदेशी दोन वर्षे परत जाण्याची अट, डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षे काम केल्यास माफ होते. म्हणजे अमेरिकेच्या दरपत्रकाने पाडलेले खड्डे अंशतः आपल्या करदात्यांच्या पैशाने शिकलेल्या डॉक्टरांनी बुजविले जातात. ज्या सरकारी महाविद्यालयांत हे तरुण शिकले त्यांच्या आसपासच्या तालुक्यांत काय आहे हे पाहिले, म्हणजे या व्यवहारातील विषमता ठसठशीतपणे जाणवते. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार देशातील ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत गरजेच्या मानाने फिजिशियनांची तूट सुमारे ७९ टक्के होती.

आपल्याकडील चित्र

आपल्याकडे एम.डी. मेडिसिनही तीन वर्षांचेच आहे आणि त्यानंतरचे डी.एम. आणखी तीन वर्षांचे. एके काळी जिल्ह्याच्या गावी एम.डी. फिजिशियन म्हणजे शेवटचा शब्द असे. आता शहरांतील पुष्कळ विद्यार्थ्यांच्या लेखी एम.डी. हा डी.एम.चा उंबरठा झाला आहे. खाजगी महाविद्यालयात लक्षावधी रुपये मोजून आलेल्या विद्यार्थ्याने तसे मानले तर त्याला दोष देता येत नाही. यावर उपाय म्हणूनही आपल्याकडे वाटाच सुचविल्या जातात. केरळमध्ये कोळिकोडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने कौटुंबिक वैद्यकाची एम.डी. पदवी सुरू करून एक तपाहून अधिक काळ लोटला. पण तिचा प्रसार मंदच आहे. २०२० साली ‘जिल्हा निवासी कार्यक्रम’ जाहीर झाला. त्यानुसार प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याने तीन महिने जिल्हा आरोग्यव्यवस्थेत काम करावयाचे असते. कल्पना उत्तम आहे. परंतु जिल्हा रुग्णालयात शिकविण्यास अनुभवी फिजिशियनच नसेल, तर तेथे आलेला निवासी शिकाऊ न ठरता बिनपगारी बदलीचा माणूस ठरतो आणि तीन महिने मोजून परततो.

दरपत्रकाच्या बाबतीत तर आपण अमेरिकेची चूक दुसऱ्या रूपाने गिरवीत आहोत. महाराष्ट्रात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे. २०१८ साली केंद्राची आयुष्मान भारत योजना आली. गरीब माणसाला हृदयाची शस्त्रक्रिया परवडू लागली हे या योजनांचे ऋण कोणी नाकारू नये. पण दोन्हींची बांधणी रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांच्या ठराविक दरांवर आहे. मधुमेह्याचा पाय कापण्याचे पैसे मिळतात. पाय कापावा लागू नये म्हणून एखाद्या फिजिशियनने दहा वर्षे दर महिन्याला त्याच्याशी घातलेल्या हुज्जतीचे मिळत नाहीत. डायलिसिसला दर आहे, रक्तदाब ताब्यात ठेवण्याला नाही. ते काम प्राथमिक केंद्रांवर सोपविलेले आहे हे खरे, आणि तेथे औषधे मोफत मिळतात हेही खरे. पण एम.डी. झालेल्या तरुणाने कोणते काम निवडावे याविषयी शासनाच्या पैशाने दिलेला इशारा निःसंदिग्ध आहे, आणि रुग्ण पुढे पाठविल्याबद्दल खाजगीत जो ‘कट’ पोचतो त्याने तर तो अधिकच ठळक होतो.

म्हणून वैद्यकीय शिक्षणातील नव्या पदवीचा वा नव्या वाटेचा प्रस्ताव पुढे येईल तेव्हा त्याच्यासोबत एक साधे कोष्टक मागितले पाहिजे. या वाटेने बाहेर पडणाऱ्या डॉक्टरासाठी ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत किती कायम पदे मंजूर आहेत? त्यांची वेतनश्रेणी डी.एम. झालेल्याच्या तुलनेत कोठे आहे? अध्यापकपदाची पात्रता त्याला मिळणार की नाही? आणि विमा योजनांत जुनाट आजारांच्या बाह्यरुग्ण देखभालीसाठी दर रुग्णामागे वार्षिक रक्कम ठरविण्यात आली आहे काय? नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे अभ्यासक्रम सोपविण्यापूर्वी मुंबईत वित्त आणि सार्वजनिक आरोग्य या दोन विभागांनी ते कोष्टक भरून विधिमंडळापुढे ठेवावे. अर्थसंकल्पी अधिवेशन दरवर्षी त्याच मार्च महिन्यात भरते, ज्या महिन्यात अमेरिकेतील निवासींच्या जोड्या जुळतात.